सात टरफलं

लिफ्टमध्ये माझ्या टाचेखाली काहीतरी कुर्रकन मोडलं. मी चौदाव्या मजल्यावरून खाली येत होते, दुपारचे अडीच वाजले होते, आणि लिफ्टमध्ये माझ्याखेरीज आमच्याच ऑफिसातला एक माणूस फोनमध्ये डोकं घालून उभा होता. आवाज एवढासाच. पण खाली बघायच्या आधीच मला कळलं होतं तिथे काय आहे. शेंगेचं टरफल. भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगेचं, अर्धं, आणि आता चुरा झालेलं. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातली निम्मी मंडळी शेजारच्या मैदानावर बेसबॉल बघायला गेली होती आणि शेंगांच्या कागदी पिशव्या हातात नाचवत परतली होती. त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी बाहीतून ते पडलं असणार. मी भिंतीला धरून जोडा वर करून पाहिला. टाच जिथे तळव्याला मिळते त्या खाचेत एक तुकडा रुतून बसला होता. "काय झालं, डेल्फा?" त्या माणसाने विचारलं. "काही नाही," मी म्हटलं. आणि शार्लट शहरातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला विचारलं असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं, की काही झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता डॅडींच्या हृदयाची झडप बदलायची होती. त्यांचं वय एकोणऐंशी. डॉक्टरांनी आकडे सांगितले होते आणि आकडे चांगले होते. आकड्यांतलं मला कळतं. मी विमा कंपनीत आहे, कुठल्या वयाचा कुठल्या सवयींचा माणूस किती जगेल याचे तक्ते बांधते, आणि कशाचा कशाशी संबंध असतो आणि कशाचा नसतो हे लोकांना रोज आठ तास समजावून सांगते. टरफलाचा आणि माणसाच्या जिवाचा काही संबंध नसतो, हे मी कागदावर लिहून खाली सही करून दिलं असतं. मग रस्त्यावर आल्यावर मी टाच टेकायची नाही म्हणून चवड्यावर, बगळ्यासारखी, का चालत होते? हॉस्पिटल सहा चौक लांब होतं. मी आज तिथे नुसती बसायला चालले नव्हते. अडतीस वर्षं जी गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती ती डॅडींना सांगायची असं ठरवून निघाले होते. आज नाही तर कदाचित कधीच नाही. मी दहा वर्षांची असताना शर्यतीच्या ट्रॅकवर सात शेंगा खाल्ल्या होत्या, एवढीच ती गोष्ट. आणि नेमक्या त्याच दिवशी, नेमक्या त्याच माणसाकडे, मी जोड्याला टरफल चिकटवून चालले होते.

शर्यतीच्या गाडीच्या आसपास टरफलाची शेंग आणायची नाही. सोललेले दाणे चालतात, दाण्याची चिक्की चालते, पण टरफल नाही. आमच्या डोंगरात हे मुलांना हात धुवायला शिकवतात तेव्हाच शिकवतात. हिरवी गाडी नको, शर्यतीआधी फोटो नको, हे सगळे नियम होतेच, पण डॅडींचं त्यांच्याबद्दल फारसं म्हणणं नव्हतं. शेंगांबद्दल मात्र होतं. एकोणीस वर्षांचे असताना ते लमार व्हिस्नंटच्या गॅरेजमध्ये झाडू मारायचे. लमार तेव्हा कुणीच नव्हता, दोन दऱ्या पलीकडचा एक पोरगा, जुनी घरगुती गाडी आतून पोखरून शर्यतीला न्यायचा. एक दिवस बी-बियाणं विकणारा एक माणूस शेंगा फोडत फोडत गॅरेजमध्ये आला, गप्पा मारून गेला, आणि त्याच संध्याकाळी लमारची गाडी तीन कोलांट्या खाऊन कुंपणाबाहेर गेली. लमार वाचला. "पुढच्या चाकाजवळची टरफलं मी स्वतः झाडली," डॅडी सांगायचे, आणि सांगताना त्यांचा हात झाडू धरल्यासारखा व्हायचा. ट्रूडी मावशी, माझ्या मम्माची धाकटी बहीण, त्यांना चिडवायची, "हॉयट, देवावरसुद्धा तुझा एवढा विश्वास नाही रे." डॅडी शांतपणे म्हणायचे, "देव चिडलेला मी अजून पाहिला नाही, ट्रूडी. शेंगा चिडलेल्या पाहिल्यात." पुढे त्यांचं लग्न झालं, मोज्यांच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करायची नोकरी लागली आणि गॅरेज सुटलं. लमार मोठा झाला. त्याची सत्तेचाळीस नंबरची गाडी, तपकिरी आणि सायीच्या रंगाची, दारावर कोंबड्यांच्या खाद्याच्या गिरणीचं नाव, आमच्या घरातल्या माणसासारखी झाली. डॅडी त्याला फार भेटत नसत. वर्षातून एकदा, ऑक्टोबरातल्या एका रविवारी, आम्ही चौघं ब्रशी फोर्कच्या ट्रॅकवर जायचो आणि लांबून त्याला बघायचो.

चौकातला दिवा लाल झाला म्हणून मी थांबले. एक पाय अर्धवट वर. बसची वाट बघणाऱ्या एका बाईने माझ्याकडे दयेने पाहिलं. तिला काय सांगणार? मला त्या क्षणी कापसाचा वास येत होता. गिरणीतला, तेलकट, कच्चा कापूस. मम्मा त्याच्या गोळ्या वळून शर्यतीआधी आमच्या कानात कोंबायची. "काढलास तर बघ," असं ती दर वेळी म्हणायची आणि मी दर वेळी काढायचे. पाद्रीबुवा त्या एका रविवारी प्रवचन लवकर आटपायचे, कारण त्यांनाही शर्यत गाठायची असायची. शेवटच्या प्रार्थनेला अर्धं चर्च गाडीच्या किल्ल्या चाचपत उभं असायचं. मग डोंगरातला वळणाचा रस्ता, मागच्या सीटवर मी आणि मावशी, मांडीवर तळलेल्या कोंबडीचा डबा, आणि पुढे डॅडी, गळ्यात ते घड्याळ अडकवून, बटण दाबलं की सुरू होणारं, बटण दाबलं की थांबणारं. लमारच्या प्रत्येक फेरीची वेळ ते टिपून ठेवायचे. कुणासाठी, कुणास ठाऊक. ट्रॅक दिसायच्या आधी झाडांवर धूळ दिसायची, आणि धूळ दिसली की डॅडी रेडिओ बंद करायचे. इतकी वर्षं झाली, मी बऱ्याच मोठमोठ्या ठिकाणी जाऊन आले, पण कुठल्याही ठिकाणी पोचताना ती रेडिओ बंद झाल्यावरची शांतता मला पुन्हा मिळालेली नाही.

आणि मग तो आवाज. मी तो कुणाला सांगायला गेले की माणसं म्हणतात, हो, कर्कश असेल. कर्कश नव्हता. तो कानात येतच नसे आधी. आधी तो पायात यायचा. सिमेंटच्या बाकांवर आम्ही उभे, प्रार्थना झालेली, राष्ट्रगीत झालेलं, अठ्ठावीस गाड्या ओळीत उभ्या, इतकं शांत की कुणाचं तरी तान्हं पोर रडतंय ते पलीकडच्या टोकाला ऐकू यायचं. आणि मग कुणीतरी इंजिनं सुरू करायला सांगायचं. तळव्यांखाली बाक थरथरायचा. ती थरथर पोटरीतून वर चढायची, मांड्यांत, पोटात, आणि छातीत येऊन थांबायची, आणि मग आपलं हृदय आपल्या मर्जीने चालत नसायचं, ते त्यांच्याबरोबर चालायचं. हिरवा झेंडा पडला की अठ्ठावीसच्या अठ्ठावीस गाड्या समोरून एकदम जायच्या, आणि त्या गेल्यावर वारा यायचा, गरम, जळक्या रबराचा, आणि त्या वाऱ्यातून रबराचा काळा चुरा आमच्या सँडविचवर, केसांत, दातांत. मला रडू यायचं. भीतीने नाही. चर्चमध्ये मोठी माणसं ज्या कारणाने रडताना दिसायची आणि मला ते कधी समजायचं नाही, ते कारण मला तिथे समजायचं. एवढं मोठं काही जगात आहे आणि मी त्याच्या इतक्या जवळ उभी आहे, एवढंच. मी डॅडींकडे बघायचे तर त्यांच्याही डोळ्यांत पाणी. ते माझ्याकडे बघून हसायचे, आणि दोघंही काही बोलायचो नाही, कारण बोलून काही उपयोगच नव्हता.

बोलण्याची गंमत वेगळीच होती. गिरणीतल्या यंत्रांनी डॅडींचे कान पस्तिशीतच घालवले होते. घरी जेवताना मम्मा दोनदा बोलायची, तिसऱ्यांदा वैतागायची, आणि मग डॅडी आपले मान हलवत बसायचे, ऐकल्यासारखं दाखवून. फार एकटे असायचे ते घरात, हे मला आत्ता कळतं. पण ट्रॅकवर सगळी दहा हजार माणसं त्यांच्यासारखीच बहिरी व्हायची, आणि तिथे डॅडींइतका बोलका माणूस दुसरा नव्हता. बाकावर दोनदा थाप मारली की खाली बस. बोट गोल फिरवलं की किती फेऱ्या राहिल्या. मूठ पोटावर म्हणजे भूक. दोन्ही हात गालांवर म्हणजे आता बघ, आता बघ, आता काहीतरी होणार. गिरणीतली माणसं अशीच बोलायची. डॅडींनी ते आम्हाला शिकवलं होतं, आणि वर्षातला तो एक दिवस ते अखंड बडबडायचे, लांब लांब गोष्टी सांगायचे हातांनी, आणि मावशी हातांनीच त्यांना गप्प बसायला सांगायची. मला वाटतं मी शर्यतीवर जीव टाकायचे तो जितका त्या आवाजासाठी तितकाच त्या बोलक्या डॅडींसाठी.

त्या वर्षी आमच्या पुढच्या बाकावर गवती टोपीवाली एक जाडजूड बाई बसली होती, खाली दक्षिणेकडच्या सपाटीवरून आलेली. तिकडे हे नियम तितकेसे पाळत नसावेत. शर्यत चारशे फेऱ्यांची. तीनशे साठाव्या फेरीला लमार पहिला होता आणि आमचा अख्खा बाक उभा होता. डॅडींचा अंगठा घड्याळावर, मम्माचे दोन्ही हात गालांवर, मावशी बाकावर चढलेली. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्या बाईने मागे वळून माझ्यापुढे कागदी पिशवी धरली. उकडलेल्या शेंगा. पिशवीचा तळ ओला झालेला, आणि वाफेला मिठाचा आणि मातीचा वास. तिच्या ओठांवरून मला कळलं ती काय म्हणत होती: खा गं, सोन्या. मला नियम माहीत होता. मी विसरले होते असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे, पण मी विसरले नव्हते. त्या आवाजात एक विचित्र गोष्ट व्हायची. इतका आवाज की आत सगळं सामसूम, आणि त्या सामसुमीत मी एकटी, आणि मला वाटलं की इथे मी काय करते ते कुणालाही, देवालासुद्धा, ऐकू जाणार नाही. मी मूठभर घेतल्या. सात होत्या. टरफल मऊ, दाबलं की आतून खारं गरम पाणी तोंडात यायचं. मी एकेक टरफल बोटांतून सोडून माझ्या पायांमधे टाकत गेले. सातवी शेंग माझ्या तोंडात होती तेव्हा लमारचा उजवा पुढचा टायर फुटला.

गाडी भिंतीकडे गेली ती अगदी सावकाश गेल्यासारखी वाटली, कुणी दमलेला माणूस भिंतीला टेकायला जावा तशी. मग ठिणग्या. मग मागून आलेल्या दोन गाड्या तिच्यात शिरल्या. पिवळा झेंडा पडला, गाड्या मंदावल्या, इंजिनांचा आवाज उतरला, आणि त्या अचानक आलेल्या शांततेत मला माझंच चावणं ऐकू आलं. मी तोंडातलं गिळलं. डॅडी हलले नाहीत. त्यांच्या गळ्यातलं घड्याळ चालूच होतं, त्यांनी बटण दाबलंच नाही. टिकटिक ऐकू येत होती. लमारला गाडीचं छत कापून बाहेर काढलं. त्याचा एक हात हलताना दिसला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण डॅडींनी वाजवल्या नाहीत. मी जोड्याने टरफलं बाकाखाली सारली. उरलेली शर्यत आम्ही पाहिली नाही. मम्माने डबे भरले, डॅडी सामान उचलायला खाली वाकले, मावशीने मला हाताला धरून पायऱ्यांकडे ओढलं. वळून पाहिलं तर बाकाखाली काही नव्हतं. वाऱ्याने गेली असतील असं मी समजले, आणि मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की त्याची लाज मला आजही वाटते.

लमारची कंबर आणि मांडी मोडली. तो पुन्हा शर्यतीच्या गाडीत बसला नाही. आधी दोन काठ्या आणि पुढे चाकांची खुर्ची. आम्ही पुन्हा कधी ब्रशी फोर्कला गेलो नाही. ऑक्टोबर यायचा, डॅडी त्या रविवारी प्रवचन पूर्ण ऐकायचे आणि घरी येऊन सरपण फोडायचे. घड्याळ कुठल्याशा खणात गेलं. आणि दर शनिवारी सकाळी डॅडी लमारकडे जायला लागले. त्याच्या दाराशी लाकडी उतार बांधला, छप्पर दुरुस्त केलं, वाफे खणले, त्याला अंघोळ घालायलासुद्धा मदत केली. सव्वीस वर्षं. मम्मा म्हणायची, "लग्न माझ्याशी केलंस की लमारशी, ते तरी एकदा ठरव." ते हसायचे आणि गाडीची किल्ली घ्यायचे. माझ्या लग्नाचा दिवस शनिवार होता, तर सकाळी सहाला जाऊन लमारचं गवत कापून मग सूट चढवला त्यांनी. मला त्यांचा अभिमान वाटायचा. असा मित्र कुणाला मिळतो, असं मी लोकांना सांगायचे. आणि मी स्वतः लमारच्या दारी एकदासुद्धा गेले नाही. कधी ताप, कधी परीक्षा, मग शहरातली नोकरी. त्याच्या अंत्यविधीलाही मी मागच्या बाकावर बसले, आणि प्रार्थना सुरू झाल्यावर उठून बाहेर आले. मम्मा गेली, मावशी गेली. आता ती गोष्ट सांगायला एकच माणूस उरला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची छाती उघडणार होते.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या खोलीच्या दाराशी, मी थांबले. किल्लीच्या टोकाने टरफल उकरायचा प्रयत्न केला तर तुकडा आणखी आत गेला. माझ्यातली विमा कंपनीवाली बाई म्हणाली, पुरे आता. मी जोडे काढले आणि बाहेरच्या भिंतीला लावून ठेवले. तेवढ्यात नर्स आली, तरुण, दंडावर जहाज गोंदलेली. "ताई, इथे अनवाणी नाही चालत हं." "मोजे आहेत," मी म्हटलं. "मोजे म्हणजे जोडे नव्हेत," ती म्हणाली, पण माझ्या तोंडाकडे पाहून पुढे गेली. मी मोज्यांवर आत गेले. डॅडी उशांना टेकून बसले होते, कानात यंत्र घातलेलं, दाढी केलेली. आजाराच्या तीन महिन्यांत किती लहान झाले होते. खिडकीतून ऊन त्यांच्या हातांवर पडलं होतं, आणि ते हात मात्र होते तेवढेच होते.

"मोज्यांवर?" ते म्हणाले.

"पाय दुखत होते."

"कुठले मोजे हे?"

"दुकानातले, डॅडी. कुठले असणार!"

"ते दिसतंय. टाचेची शिवण बघ. असला मोजा आमच्याकडे निघाला असता तर मी मशीन बंद करून फोरमनला बोलावलं असतं. दोन धुण्यांत जाईल."

मी हसले. म्हटलं, आता सांगावं. तोंड उघडलं. पण ते अजून माझ्या पायांकडेच बघत होते, आणि मग त्यांची नजर जमिनीवरून सरकत दाराबाहेर गेली, भिंतीला लावून ठेवलेल्या जोड्यांवर थांबली, तिथे पुष्कळ वेळ राहिली. दाराबाहेर जोडे बघून दुसऱ्या कुठल्याही माणसाला काय वाटलं असतं मला माहीत नाही.

"टरफल?" त्यांनी विचारलं.

मला नाही म्हणता आलं नाही. "ऑफिसच्या लिफ्टमध्ये पडलं होतं," मी म्हटलं, आणि माझा आवाज दहा वर्षांच्या मुलीचा आला. "निघत नाहीये."

त्यांनी मान हलवली. "या वेळी बाहेर ठेवलंस, हे बरं केलंस."

हे वाक्य माझ्यापर्यंत पोचायला वेळ लागला. आधी मला वाटलं ते सहज बोलले. मग 'या वेळी' हे दोन शब्द आत कुठेतरी जाऊन पडले, आणि मला वाकलेले डॅडी दिसले, सामान उचलायला वाकलेले, आमच्या बाकाखाली हात घातलेले. अडतीस वर्षं मी ते चित्र पाहत आले होते आणि एकदाही त्यांच्या हाताकडे पाहिलं नव्हतं. माझे पाय थरथरायला लागले, तळव्यांपासून, तशीच थरथर, बाकातून वर चढायची तशी.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"सात होती." त्यांनी मूठ मिटून दाखवली. "कोंबडीच्या डब्यात टाकली. घरी आल्यावर चुलीत घातली."

"मम्माला?"

"तिला कशाला? लमारलाही नाही. कुणालाच नाही."

"मग मला का नाही विचारलंत? एकदा तरी! मी इतकी वर्षं... मला वाटलं, तुम्ही त्या गोष्टी खऱ्या मानता. शेंगांच्या."

"मानतो की."

"अजून?"

"आजसुद्धा. म्हणून तर जोडे बघितले."

"म्हणजे लमारचं ते माझ्यामुळे झालं, असंच ना?"

"तुझ्यामुळे नाही," डॅडी म्हणाले, जरा रागावून, यंत्राचा सुटा भाग चुकीच्या नावाने मागितला की रागवायचे तसे. "शेंगांमुळे. तू दहा वर्षांची होतीस. बोललो असतो तर तुला कळलं असतं की मला ठाऊक आहे, आणि मग तू ते जन्मभर घेऊन फिरली असतीस. म्हटलं, विसरेल. पोरं विसरतात." मग ते म्हणाले, "विसरली नाहीस, हे मला ठाऊक नव्हतं. नाहीतर बोललो असतो, पोरी."

मग मला शनिवार आठवले. एकेक करून नाही, सगळे एकदम, अठ्ठावीस गाड्या समोरून जाव्यात तसे. दाराशी बांधलेला उतार. छप्पर. वाफे. लग्नाच्या सकाळी कापलेलं गवत आणि सूटच्या बाहीवरची हिरवी काडी, जी मीच झटकली होती. मित्रासाठी करतात म्हणून मी ज्याचं कौतुक करत फिरले ते डॅडी माझ्यासाठी करत होते, माझ्या सात शेंगांसाठी, आणि ते खरं मानून करत होते. त्यांनी ते पोरीचा खुळेपणा म्हणून सोडून दिलं असतं तर सोपं होतं. त्यांनी ते सोडून दिलं नाही. माझ्या हातून एका माणसाचे पाय गेले असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि तरी दर शनिवारी परत आल्यावर ते मला उचलून डोक्यावर घ्यायचे, मोठी झाल्यावर कपाळाला ओठ लावायचे. मी खोलीच्या मधोमध उभी होते. एवढं मोठं काही जगात आहे आणि मी त्याच्या इतक्या जवळ जन्मभर वावरले आणि मला ते ऐकूसुद्धा आलं नाही.

"लमारचे ते शनिवार..." मी सुरुवात केली.

"त्याच्याशी गप्पा छान व्हायच्या," डॅडी म्हणाले, आणि हात हवेत उडवून तो विषय बंद केला. मग पुन्हा माझ्या पायांकडे पाहिलं. "फरशी गार आहे. जोडे घाल."

"नको. उद्या तुमचं..."

"घाल म्हणतो ना. हे असले मोजे! सर्दी होईल."

"डॅडी, त्यात तो तुकडा अजून आहे."

"असू दे." ते माझ्याकडे सरळ बघत होते, आणि त्यांच्या नजरेत भीती होती. थट्टा नव्हती. "आण आत."

मी बाहेर गेले, जोडे उचलले, दारातच उभी राहून घातले आणि आत आले. टाच टेकवल्यावर कुर्र असा बारीकसा आवाज झाला. त्यांना तो यंत्रातून ऐकू आला असावा, कारण त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. मग त्यांनी गादीच्या कडेवर हाताने दोनदा थाप मारली. मी बसले. नर्स येऊन रक्तदाब घेऊन गेली, जाताना माझ्या जोड्यांकडे बघून समाधानाने हसली.

"एक विचारायचं होतं," ती गेल्यावर डॅडी म्हणाले. "फार दिवसांचं."

"विचारा ना."

"कशा होत्या?"

"काय?"

"शेंगा. त्या बाईच्या. मी एकोणीस वर्षांचा असल्यापासून तोंडात घातलेली नाही एकसुद्धा. वास यायचा त्या दिवशी. लमार पहिला, मी घड्याळ बघतोय, आणि नाकात तो वास. म्हटलं, फेऱ्या संपल्या की..." त्यांनी बोट हवेत गोल फिरवलं. किती राहिल्या? "चांगल्या तरी होत्या का गं?"

मी त्यांचा हात धरला. खरं सांगायला मला आता काहीच अडचण नव्हती.

"गरम होत्या, डॅडी," मी म्हटलं. "खाऱ्या. इतकं चांगलं मी पुन्हा कधी काही खाल्लं नाही."